सिडोनीआत्याने खाल्लेली थोबाडीत

आमच्यावर राज्य करणाऱ्या ग्राइफेनरोड राजघराण्याला एकच खोड होती. बाप मेला की मुलगे राज्य वाटून घेत. वाटून वाटून राज्याच्या चिंध्या झाल्या, आणि आमच्या थोरल्या पातीची हद्द धाकट्या पातीच्या गोठ्यातून जाऊ लागली. राजे सगळे एकमेकांचे भाऊबंद, पण वीतभर गवत सोडायला कोणी तयार नाही.

म्हणून अधूनमधून हद्दीची फेरी निघे. प्रत्येक दगडापाशी गावच्या एका पोराच्या फाडकन थोबाडीत द्यायची, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहते. वर त्याला एक ब्रेत्सेल मिळे, पीळ घातलेला खारा पाव. माझी सिडोनीआत्या लहानपणी त्या ब्रेत्सेलसाठी भावाची टोपी घालून फेरीत घुसली. ओढ्याकाठच्या दगडापाशी तिने थोबाडीत खाल्ली, आडवी झाली आणि टोपी उडून वेण्या बाहेर आल्या.

"पोरगी? पोरीची साक्ष कोण धरतो!" म्हणत वनरक्षकाने ब्रेत्सेल तिच्या हातातून काढून घेतलं. गाव तिला म्हातारपणापर्यंत चिडवायचं, "सिडोनी, फुकट खाल्लीस गं!"

मग ओढ्याला पूर आला आणि दगड वाहून गेला. हद्द ओढ्याच्या अलीकडेच होती म्हणत धाकट्या पातीच्या कारभाऱ्याने अख्ख्या कुरणावर हक्क सांगितला. कुरण गेलं की आमच्या गायी गेल्या. त्या दगडापाशी मार खाल्लेले पुरुष तर केव्हाच मातीआड झाले होते.

आत्या काठी टेकत पुढे झाली. "इथली मी खाल्लीय."

कारभारी हसला. "आजीबाई, बायकांची साक्ष चालत नाही."

"गाल तर माझाच होता ना रे मेल्या? की तोही तुझ्या राजाचा?"

ओढा ओलांडून ती पलीकडच्या गवतात सरळ आडवी झाली, गाल जमिनीला लावून. थोडी इकडे सरकली, थोडी तिकडे. दोन टेकड्यांच्या खाचीत चर्चच्या शिखरावरचा पत्र्याचा कोंबडा दिसला, तशी ओरडली, "पडले तेव्हा हाच दिसला होता! खणा इथे!"

कुदळ खणकन वाजली. वाहून गेलेल्या दगडाखाली पूर्वजांनी पुरलेली खूण निघाली: भाजलेल्या मातीच्या चकत्या, दोन्ही पातींच्या मुद्रा उमटवलेल्या. कारभाऱ्याचा चेहरा पडला. कुरण आमचं! मी तर आनंदाने रडलोच.

नवा दगड बसला. रिवाजाप्रमाणे साक्षीदाराच्या थोबाडीत द्यायची, पण आमच्या आताच्या वनरक्षकाचा हात उठेना.

"ती देऊन झालीय," आत्या म्हणाली. "ब्रेत्सेल काढ."

त्याने टोपी काढली. "घ्या, साक्षीदारबाई."

आत्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि कारभाऱ्यासमोर उभं राहून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.