दहा मोजले आणि मोटर सुरू केली

हसायचं नाही हं, आधीच सांगते! चहा सांडला तर दुसरा मिळणार नाही.

तर मी म्हणजे एकेकाळची महागोंधळी. ड्रेस पिवळा घालू की निळा, हे आईला विचारायची. तिनं पिवळा म्हटलं की खात्रीसाठी मावशीला फोन! मग सौंसरच्या कॉलेजातून कॅडेट कॅम्पला गेले. तिथल्या मॅडमनी शिकवलं, दहा मोजायचे, निर्णय घ्यायचा, मागं बघायचं नाही. झालं! घरी परतले ती सेनापती होऊनच.

पुढचा कॅम्प भोपाळला, महिनाभराचा. मला जायचंच होतं, पण कागदावर बाबांची सही हवी होती.

"रविवारी बगिच्यात जेवन हाये, तवा सांगतो," बाबा म्हणाले.

रविवारी परेड आटोपून मी आणि माझी मैत्रीण प्रणाली रामाकोन्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात पोचलो. बघते तर काय, झाडांमागून धूर! जवळ चिटपाखरू नाही, भोवती वाळलेलं गवत. मी मोजायला लागले.

"अवं, थांब न, मले वाटते..." प्रणाली म्हणाली.

"दहा! मोटर सुरू कर!"

पाइपनं असा फवारा मारला म्हणून सांगू! वरून चार घमेली माती. आग खल्लास! लगेच बाबांना फोन. ते पाहुण्यांना घेऊन जवळच्या मारुतीच्या दर्शनाला गेले होते.

बाबा धावतच आले. येता येता चाळीस पाहुण्यांना सांगत होते, "माह्या पोरीनं बगीचा वाचवला बाप्पा!" काकांनी टाळ्या वाजवल्या. मी सावधानमध्ये उभी, मान ताठ.

तेवढ्यात मागून आई आली. तिनं चिखल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अवं माय! माहे रोडगे!"

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायला ठेवलेले कणकेचे गोळे, चाळीस माणसांचे रोडगे! जन्मापासून खात आले हो मी! पण दहापर्यंत आठवलेच नाहीत, आणि अकरा मोजायची परवानगी कुठं होती?

"तेच त सांगून राहिली होती," प्रणाली पुटपुटली.

पाहुण्यांनी वांग्याची भाजी नुसतीच वाटीनं खाल्ली. मी खाली मान घालून वाढत राहिले. भोपाळ गेलं, असंच वाटलं.

जेवण झाल्यावर बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मनात दहा मोजत असावेत.

"कागद आन," म्हणाले आणि सही ठोकली!

माझे डोळेच भरून आले. "बाबा, खरंच पाठवता?"

"जाय वं माय. तू गेली का पाहुन्यायले रोडग्याले पुन्हा बोलावतो."