मांजराने पकडलेल्या टायपिस्टबाई

तक्रार विभागातल्या ताईंची एक सवय होती. आलेली तक्रार त्या आधी स्वतःशी पुटपुटत शेवटपर्यंत वाचायच्या, मगच उत्तराला हात घालायच्या. इतरजण तयार उत्तर चिकटवून तासाला चाळीस तक्रारी निकालात काढत. ताईंच्या जेमतेम बारा व्हायच्या, म्हणून साहेब त्यांना 'आमची बैलगाडी' म्हणत.

कंपनीचा खेळ ऑनलाइन बागेचा. आपली बाग लावायची, दुसऱ्याच्या बागेत गप्पांना जायचं. मध्यंतरी काही लबाडांनी खेळ हॅक केला आणि आपोआप क्लिक करणारी यंत्रणा आत घुसवली. त्यांच्या बागा बघताबघता फुलल्या. प्रामाणिक खेळाडू चिडले, तेव्हा साहेबांनी लबाड शोधणारा प्रोग्रॅम बनवला. ऑफिसात त्याला सगळे मांजर म्हणायचे. दोन क्लिकमधलं अंतर कायम सारखंच दिसलं, की मांजर त्या खेळाडूला यंत्र ठरवून खातं बंद करी. बंद खाती सोमवारी कायमची पुसली जाणार होती.

पण सुक्याबरोबर ओलंही जळू लागलं. तक्रारींचा पाऊस पडला. त्यातल्या एका तक्रारीपाशी ताई थबकल्या. 'मी यंत्र नाही, मी मोठी बहीण आहे,' अशी तिची सुरुवात होती. धाकटी बहीण परदेशात, तिला ऐकू येत नाही, फोनचा उपयोग शून्य. सात वर्षं दोघी रोज चार वाजता खेळातल्या लिंबाखाली भेटायच्या, झाडांना पाणी घालत लिहून गप्पा मारायच्या. पत्रात एकही चूक नव्हती. ताईंनी लगेच फोन लावून बाईंचा व्यवसाय विचारला. चौतीस वर्षं टायपिंग शिकवण्यात गेली होती.

ताई तडक साहेबांकडे गेल्या. मांजर चुकत नाही, हे साहेबांचं पालुपद. ताई म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाईंनाच बोलवा."

शुक्रवारी बाई आल्या. चष्मा पुसून साहेबांच्या खुर्चीत बसल्या आणि चाचणीच्या बागेत पाणी घालू लागल्या. टक, टक, टक. घड्याळाने लाजावं असा ताल. मिनिटभरात बाजूचा मांजराचा पडदा लाल झाला: 'यंत्र आढळले'.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, हे मांजर खोटं बोलतंय की मी? आणि मघाशी तुम्ही दोन बोटांनी टाइप करत होतात. हे वय आहे का तसं करण्याचं?"

हसण्याची सुरुवात साहेबांनीच केली. त्यांनी बाईंचं खातं तिथेच उघडून दिलं, पुसण्याचं काम रद्द केलं, आणि सगळ्या खेळाडूंना स्वतः पत्र लिहिलं: चूक आमची; यापुढे माणसाने वाचल्याशिवाय कुणाचंही खातं बंद होणार नाही. दोन बोटांनी लिहायला अर्धा तास लागला. बाई मागे उभ्या राहून चुका दाखवत होत्या.

मग चार वाजले. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. लिंबाखाली धाकटी उभी होती. आठवडाभर रोज येऊन ती एकटीच पाणी घालून जात होती. तिने लिहिलं, 'किती उशीर, अक्के.'

बाईंची बोटं अडखळली. एक क्लिक लवकर, दुसरं उशिरा, तिसरं भलतीकडेच. बाजूचा पडदा हिरवा झाला: 'माणूस'.

"बघा, ओळखलं एकदाचं," असं म्हणून ताई पुढची तक्रार पुटपुटायला आपल्या जागेवर गेल्या.