दहाव्या हिश्श्याची बिअर

बेकरीवरून जाताना यीस्टचा आंबूस वास आला की मला पंचवटीतली आमची भाड्याची खोली आठवते. सत्तरीचं दशक सरत आलं होतं, लग्न नवं होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांशी अजून जपूनच बोलत होतो. एका संध्याकाळी हे कारखान्यातल्या मित्राकडून घरी बिअर करायची कृती घेऊन आले. कृती पिंपभर बिअरची आणि आमच्याकडे लोणच्याची एक रिकामी बरणी, म्हणून ह्यांनी सगळ्याचा दहावा हिस्सा काढला. मी जवाला फडक्यात मोड आणले, वाळवून तव्यावर भाजले. कडूपणासाठी लागणारी विलायती फुलं नाशकात मिळेनात, तेव्हा काडेचिराईत घातलं. उकळून, गाळून, निवल्यावर यीस्ट घालून बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. दोनच दिवसांनी हे पेला भरून बसले, आणि पहिल्याच घोटाला तोंड कसनुसं झालं. "अगं, ही तर गोड पेज आहे नुसती!" मी विचारलं, "मुरवायची किती दिवस?" "वीस लिहिलंय. दहावा हिस्सा म्हणजे दोनच की!" मी हसू दाबत म्हटलं, "अहो, भात दोघांचा असो की चौघांचा, शिजायला वेळ तेवढाच लागतो ना?" त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की पेला कलंडला. एकमेकांसमोर असं मोकळं हसलो ते तेव्हा पहिल्यांदा. आता हे नाहीत. मी एकटीपुरते मूठभर तांदूळ लावते. शिजायला वेळ मात्र तेवढाच लागतो.