माझीच स्क्रीन चुकीची होती

चूक माझ्याच स्क्रीनची निघाली, हे फोनवर सांगताना कंपनीतले साहेब चक्क हसले होते. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी प्रवासी विमानात सहवैमानिक, उजवीकडच्या खुर्चीतली. डावीकडे कॅप्टन. दोघांसमोर आपापली स्क्रीन, तिच्यावर नकाशा, जायच्या मार्गाची रेघ आणि विमानाची खूण. त्या दिवशी विमान उडालं, ढगात शिरलं, आणि माझ्या स्क्रीनवर आम्ही रेघ सोडून बरेच डावीकडे गेलेलो. कॅप्टनच्या स्क्रीनवर मात्र बरोब्बर रेघेवर. बाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि डावीकडे डोंगर होते.

मी सांगितलं. ते म्हणाले, "माझी बरोबर आहे."

कशावरून? त्यांची आहे म्हणून! अशा वेळी दोन्ही नकाशे सोडायचे, होकायंत्रावर दिशा धरायची आणि खाली रडारवर आपल्याला पाहणाऱ्या कंट्रोलरला विचारायचं, हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं असतं. मी पुन्हा बोलले. त्यांनी स्वतःच्या स्क्रीनवरून नजर हलवली नाही. रेडिओ माझ्याकडे होता. मी सरळ सांगून टाकलं, आमच्या स्क्रीन जुळत नाहीत, दिशा द्या. कंट्रोलरने दिशा दिली, कॅप्टननी मुकाट्याने धरली आणि आम्ही सुखरूप वर गेलो.

नंतरच्या तपासणीत माझ्या बाजूची स्क्रीन बिघडलेली निघाली. झालं! मी घाबरट ठरले. अहो, ढगात असताना कोणाची चुकीची हे ठाऊक होतं कोणाला? कॅप्टनना तरी होतं का? पण साहेबांचं म्हणणं एकच. मी घाबरून रेडिओवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चव्हाट्यावर बोलले असं कबूल करायचं, तर खुर्ची परत. नाहीतर बस घरी. विचार करायला सवड दिली, म्हणून मी रत्नागिरीला आईवडिलांकडे येऊन फोनची वाट बघत होते.

बाबा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. सगळा जन्म समुद्रावर गेलेला. निदान ते तरी माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं होतं. जेवताना सगळं ऐकून ते म्हणाले, "बाय, तांडेल म्हंजे तांडेल. त्याच्या म्होरं तोंड उघडायचा नाय. घाबरल्ये म्हन नि मोकळी हो."

ताटावरून उठणारच होते, पण राग गिळवेना.

"बाबा, बंदरात शिरताना तुम्ही नाळेवर माणूस कशाला उभा करता?" नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक.

"वरडायला. खडक दिसला की वरडतो."

"मग तुम्ही काय करता?"

"सुकाणू फिरवतो."

"खडक तुम्हाला दिसला नाही तरी?"

"मना केबिनीतना कसा दिसनार?"

"आणि मागाहून कळलं, खडक नव्हताच, नुसता फेस होता, तर?"

बाबा बांगड्याचे काटे काढत बसले. उत्तर आईने दिलं. "तर काय? दोन शिव्या घालतात. पन दुसऱ्या दिवशी परत त्यालाच उभा करतात. गप ऱ्हानाऱ्याला नाळेवर कोन उभा करील?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते. "मग मॅडम, घाबरला होतात ना?"

"नाही. स्क्रीन चुकीची होती, बोलणं बरोबर होतं. पुन्हा असं झालं तर पुन्हा बोलेन."

तिकडून फोन बंद झाला. मी फोन ताटाशेजारी आपटला.

"खुर्ची गेली?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक."

त्यांनी आपल्या ताटातला बांगडा उचलून माझ्या ताटात ठेवला. "तुज्या त्या कॅप्टनच्या इमानात," ते म्हणाले, "मी कदी बसनार नाय."