साहेबांची चप्पल आणि सोमवारचा बाजार

“पुढच्या महिन्यापासून पेन्शनवाल्या बायका इथं येतील. पोस्टमन पैसे घेऊन गावात जाणार नाही,” पोस्टाच्या इन्स्पेक्टर साहेबांनी फर्मावलं.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मी गडहिंग्लजला पोस्टमास्तर होतो. लढाईत नवरा गेलेल्या बायकांचं पेन्शन मनीऑर्डरीनं यायचं. जवळच्या एका गावात आमचा पोस्टमन ते सोमवारी वाटायचा, कारण बाजार सोमवारचा. पैसे हातावर ठेवायचे, अंगठा घ्यायचा. याला आम्ही बटवडा म्हणतो.

“साहेब, तिथला बाजार मोडेल,” मी म्हणालो.

“आपण पोस्ट चालवतो की बाजार?”

तसं त्यांचंही बरोबर होतं म्हणा. वाटेत पोस्टमनला कुणी लुटलं, तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. मी ‘यस सर’ म्हणालो.

बायका एस.टी.नं येऊ लागल्या. भाडं घालून आलोच आहोत म्हटल्यावर तेल, मीठ, लुगडं सगळं इथल्या पेठेतच घ्यायच्या. पेठवाले खूश. तिसऱ्या महिन्यात त्यांतली हौसाबाई खिडकीशी येऊन कडाडली.

“मास्तर, ईराप्पाअण्णानं उधारी बंद केली की वो!” ईराप्पा म्हणजे त्या गावचा किराणा दुकानदार. “म्हनतोय, रोख पेठेत आन् उधारी माझ्याकडं, हे न्हाय चालायचं. महिनाअखेरीला पोरांस्नी काय घालू? माती?”

मला संताप आला. ईराप्पाचा नाही, साहेबांचा. ईराप्पाचं काय चुकलं? उधारी फिटली की तो गावातलीच ज्वारी-मिरची घ्यायचा. मिरचीवाला त्याच पैशात माळवं, म्हणजे भाजीपाला, घ्यायचा, चप्पल शिवून घ्यायचा. एकच पैसा चार घरं हिंडायचा. आता तो गावात पोचतच नव्हता.

साहेबांना म्हणालो, “एकदा डोळ्यांनी बघा.” इन्स्पेक्शन होतंच. सोमवारी निघालो.

एस.टी.नं फाट्यावर सोडलं. पुढं दगडांची वाट. साहेबांच्या पायात करकर वाजणारी नवी कोल्हापुरी. बाजारात पोचलो आणि तिचा पट्टा तुटला.

“चप्पल शिवणारा बोलवा,” साहेब म्हणाले.

ईराप्पा दुकानाच्या पायरीवरूनच ओरडला, “पावणं, परसू हितं बसत न्हाय आता! गडहिंग्लजला जातोय.”

“का?”

“हितं कुनाकडं पैसं हायत? बायका तिकडं, म्हनून परसूबी तिकडं.”

“बरं, चहा तरी मिळेल?”

“चहावाला बी तिकडंच गेलाय की!”

मला हसू आवरेना. साहेब एका पायानं उभे, आणि समोर बाजार म्हणून मिरच्यांचे दोन ढीग. तेवढ्यात हौसाबाई आली. तिनं सुंभाचा तुकडा पुढं केला.

“बांधा, सायेब. आमीबी महिना असाच बांधून ढकलतोय.”

साहेबांनी खाली बसून पट्टा बांधला. फाट्यापर्यंत तसेच चालत आले. तिथं म्हणाले, “पोस्टमनबरोबर राखणीला गावचा कोतवाल देता येईल का?”

“येईल, सर.”

पुढच्या महिन्यापासून बटवडा पुन्हा गावात, सोमवारी. ईराप्पानं आधी थोडा भाव खाल्ला. हौसाबाईनं भर बाजारात त्याचा उद्धार केला, मग उधारी सुरू झाली. परसू जुन्या जागी बसू लागला.

पैसा कुणाला दिला, एवढंच आम्ही पोस्टवाले बघतो. तो कुठं द्यावा, हे कळायला साहेबाची चप्पल तुटावी लागते.