ह्यांचा कॉम्प्युटर बंद पडत होता तेव्हा

आमचे हे गेले, आणि ह्यांचा आवाज घरात राहिला तो कॉम्प्युटरमध्ये. फोटो सगळ्यांचेच असतात हो, हार घालून भिंतीवर. पण माझ्याकडे आवाज होता.

निवृत्त झाल्यावर ह्यांना तो नाद लागला. दुपारी जेवण झालं की आतल्या खोलीचं दार लावायचं आणि माइकसमोर बसून लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. वाडी भागातली ह्यांची पोळ, म्हणजे आमच्याकडची गल्ली, तालमीतले उस्ताद, छाणीकडच्या बागेतून पळवलेले पेरू, असलं सगळं. मी बाहेरून ओरडायची, "एवढं कुणाशी बोलताय? माझ्याशी तर हो आणि नाही, दोनच शब्द!" आतून उत्तर यायचं, "तू मध्ये बोलतेस. हा मध्ये बोलत नाही." मुलगी पुण्याला असते, तिला तरी पाठवा म्हटलं, तर म्हणाले, "सगळ्या होऊ देत. मग एकदम." सगळ्या व्हायच्या आधीच गेले.

कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. ह्यांच्या खुर्चीमागे चहा घेऊन उभं राहता राहता जेवढा दिसला तेवढा आला. गोष्टी कुठे आहेत आणि कशा लावायच्या, एवढं जमत होतं. आणि मी त्या पुरवून पुरवून ऐकत होते. रोज एक लावली असती तर केव्हाच संपल्या असत्या, मग पुढे काय? म्हणून सणाला एक, आणि फारच करमेनासं झालं तर एक. न ऐकलेल्या गोष्टी शिल्लक आहेत तोवर ह्यांचं माझ्याशी बोलायचं राहिलंय, असं मी मनाशी धरलं होतं.

आणि दिवाळी तोंडावर असताना तो बंद पडायला लागला. हे छान बोलत असायचे आणि मध्येच फट्. पडदा काळा. तोंडातला शब्दसुद्धा पुरा व्हायचा नाही. पुन्हा बटण दाबलं की चालू, थोड्या वेळानं पुन्हा फट्. आधी वाटलं लाइटचंच काहीतरी आहे. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. मागच्या सगळ्या वायरी एकेक करून दाबून पाहिल्या. मुलीला फोन केला.

"आई, रीस्टार्ट कर."

"अगं, तो आपणहून तेच करतोय, मी आणखी काय करू?"

"मग दुकानात दे ना."

दुकानात द्यायची मला भीती. हे नेहमी म्हणायचे, दुकानवाल्यांना एकच औषध ठाऊक, सगळं पुसून कोरं करून देतात. कोरं करून मला काय करायचं होतं?

म्हणून मीच लक्ष ठेवायला लागले. तापलेल्या माणसाच्या उशाशी बसतात तशी बसायची. हळूहळू लक्षात आलं, सकाळी गारव्यात तो जास्त टिकतो, दुपारी लगेच मान टाकतो. हात लावून पाहिला तर डबा चांगलाच गरम. मग स्टुलावर टेबलफॅन ठेवून वारा त्याच्याकडे वळवला. खरंच जरा जास्त चालला! मी किती खूश झाले सांगू, डॉक्टरीणच झाले म्हणा. पण आतून भीती बसली होती. पुरवून ऐकणारी मी आता अधाशासारखी ऐकायला लागले. फॅनच्या घरघरीत कान स्पीकरला लावून. एक गोष्ट कशीबशी संपायची, दुसरी अर्ध्यावर तुटायची.

खालच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिला बोलावलं. तिनं फॅन पाहिला, मला पाहिलं.

"मासी, ह्याला ताप आलाय का?"

"थट्टा नको गं. सांग काय करू."

"आतलं मला नाही समजत, मी फक्त चालवते. पण पहेलां कॉपी करी लो ने! अजून केली नाही?"

मला सुचलंच नव्हतं. माझ्या मनात हे त्या डब्यातच होते. ह्यांना उचलून दुसरीकडे ठेवायचं हे डोक्यात कसं यावं? तिनं घरून पेनड्राइव्ह आणला, लावला, सगळं एकदम उचलून टाकलं. पडद्यावर ती हिरवी पट्टी सरकायला लागली. पट्टी जेमतेम हलली, आणि फट्.

पुन्हा चालू केला तर आतून कटकट, कटकट असा आवाज. फोल्डर दिसेना. पेनड्राइव्हमध्ये पहिल्या गोष्टीचं नुसतं नाव उतरलं होतं, तीसुद्धा वाजेना. बेननं प्लग काढला. मग म्हणाली, "चला मासी, रिक्षा बोलावते."

रावपुऱ्याच्या बाजारातला दुकानदार पन्नाशीचा होता. त्यानं डब्याचं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि थबकला.

"काकी, आमां चोखा क्यांथी?"

चोखा म्हणजे तांदूळ. लाल झालेले, पंख्याच्या पात्यांत अडकून बसलेले. खाली हिरव्या पाटीवर कुंकवाचा चिकट थर, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

आमचं घराणं इथल्या संस्थानाच्या फौजेतलं. दसऱ्याला पाटावर आजेसासऱ्यांची तलवार मांडायची आणि घरातलं जे पोटाचं साधन असेल त्याचीही पूजा करायची, ही रीत. हे असताना कॉम्प्युटरला पुढून कुंकवाचं एक बोट टेकवायचे, बस. हे गेले त्या वर्षी आम्ही सण केला नाही. दुसऱ्या वर्षी, त्या दिवाळीआधीच्या दसऱ्याला, पूजेला मीच बसले. तलवारीपेक्षा मला तोच जवळचा. म्हणून देवाची करतात तशी केली. तुळशीच्या पानानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, मूठभर ओल्या अक्षता, फुलं, सगळं डोक्यावरून. डब्याच्या डोक्यावर जाळी होती. ती कशासाठी असते ते मला ठाऊक नव्हतं.

"पंखो जाम झाला, म्हणून तापून बंद पडत होता," दुकानदार म्हणाला. "पंख्याचं काही नाही, तो बदलू. पण चालू-बंद, चालू-बंद करून डिस्क गेली. जुनीच होती."

"फक्त आवाज आहेत हो त्यात. बाकी काही नको मला."

त्यानं डिस्क ठेवून घेतली, दुसरीकडेही पाठवून पाहिली. काही निघालं नाही. त्या दिवशी त्यानं चिमट्यानं एकेक तांदूळ काढून कागदावर ठेवला आणि पुडी करून माझ्या हातात दिली. "पूजाना चोखा, कचरामां ना नखाय." मी घरी येऊन त्या अक्षता तुळशीत घातल्या.

मुलीला फोनवर सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा माझ्यासाठीच सांगत होते ना गं? मी एकपण नाही ऐकली."

आता त्यात नवी डिस्क आहे. तासन् तास चालतो, एकदाही बंद पडत नाही. मी त्याच्यावर काय लावणार?

शेवटी तुटली ती गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी सांगितली नव्हती. हे सात-आठ वर्षांचे, वडिलांबरोबर रावपुऱ्यात गेलेले. वडील एका दुकानाशी थांबून म्हणाले, "ह्या पायरीवर उभा राहा, हलू नकोस, मी आलोच." आणि आलेच नाहीत. दिवे लागले, दुकानं बंद व्हायला लागली. "मी रडलो नाही हं," असं सांगताना हे हसले. मग म्हणाले, "तेवढ्यात समोरून एक बाई आल्या, आणि मला बघून..." तिथे तुटलं.

नणंदेला विचारलं. तिला काही ठाऊक नाही. घरी पोचलेच असणार हो, नाहीतर मी संसार कुणाबरोबर केला? एवढं मला कळतं. तरी भाजी आणायला रावपुऱ्यात गेले की दुकानांच्या पायऱ्यांकडे नजर जाते. एखाद्या पायरीवर पिशवी टेकवून घटकाभर उभी राहते. कुठली पायरी, तेसुद्धा ह्यांनी सांगितलं नव्हतं.