ही दुसरीच हाय

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की येडशी स्टेशनवर सापडलेली ती मुलगी आठवते. तिला ज्या निवारागृहात आणलं होतं, तिथं मी शिवण शिकवायचे. ती आपला पहिला फ्रॉक शिवत असताना तिची आई तिला न्यायला आली. "चल गं घरी," आई म्हणाली. मुलीनं मशीन थांबवलं नाही. "बाई, ह्या कोण? म्या न्हाय वळखत," ती मला म्हणाली. दोघींची हनुवटी अगदी एकसारखी होती. आई जरा वेळ तिच्या हातांकडं बघत राहिली, मग मला म्हणाली, "चुकलं माझं. ही दुसरीच हाय," आणि उन्हात निघून गेली. मुलीनं शिवण पुरी करून विचारलं, "बाई, आता बाही कशी लावायची?" मी लावून दाखवली. आता बेंबळीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे; त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.